बाहेरचा कोयंडा

१२ ऑक्टोबर २००३, रविवार

प्रत्येक कामाची मी एक वही ठेवतो. कोणता रंग किती पातळ केला, कोणता भाग कुठे कानसला, एवढंच तिच्यात असतं. या खेपेला दुकानात लहान वही नव्हती, म्हणून ही मोठी आणली. चार शब्द जास्त पडतील.

काम असं. शिमादाहून श्रीमती त्सुचिया आल्या होत्या. सत्तरीला टेकलेल्या, ताठ, बोलायला मोजक्या. त्यांचा थोरला भाऊ शिगेओ युद्धात रणगाडा चालवायचा. १९४५च्या जानेवारीत लुझोन बेटावर मारला गेला, एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या गाडीची प्रतिकृती हवी आहे, पस्तिसाव्या हिश्श्याची, आणि आतल्या भागासकट. हलका रणगाडा, तीन माणसांचा. पुढे उजवीकडे चालक, डावीकडे मशिनगनवाला, वर बुरुजात प्रमुख.

मी म्हटलं, "आतलं कोण बघणार? बुरूज एकदा चिकटवला की संपलं."

"आत काय आहे ते मला माहीत असेल ना," त्या म्हणाल्या.

सैन्याकडून आलेला कागद त्यांनी दाखवला. 'तत्काळ वीरमरण', बस्स. घडीवर इतका विरलाय की उचलायला भीती वाटावी.

जाताना विचारलं, "हा व्यवसाय घरातलाच का?" मी सांगितलं की वडील लाकडाचे साचे करायचे, खेळण्यांच्या कारखान्यात मीही तीस वर्षं तेच केलं. लाकडाचे साचे गेले, प्लास्टिक आलं, आता निवृत्त होऊन लोकांच्या हौशी पुरवतो.

"नाव काय वडिलांचं?"

"योशिमात्सु. मोचिझुकी योशिमात्सु."

त्यांनी मान हलवली. शाळेत हजेरी घेताना बाई हलवतात तशी.

२६ ऑक्टोबर

तयार संचातला सांगाडा घेतला, पण रिव्हेट फार गुळगुळीत आहेत, साबणाच्या वडीवर उमटल्यासारखे. सगळे कापून टाकले. मेणबत्तीवर प्लास्टिकची काडी ताणून तिचे केसाएवढे तुकडे केले आणि सुईच्या टोकानं एकेक बसवले. आज एकशे चाळीस बसले. माझी बायको फुसाए चहा घेऊन आली, पाठीमागे उभी राहून बघत होती.

"तिळाचे लाडू केले असते तर एवढ्यात झाले असते," म्हणाली.

आतून अस्तर करायचं आहे. उन्हात पत्रा तापतो, म्हणून खऱ्या गाडीला आतून जाड पट्ट्यांचं अस्तर असायचं. त्यासाठी टिश्यू पेपर पातळ डिंकात भिजवून बसवतोय. इंजिन मागे, उजव्या अंगाला. नकाशे तीन मिळाले, तिघांचं एकमेकांशी पटत नाही. नेहमीचंच.

९ नोव्हेंबर

बुरुजाचं वरचं झाकण केलं. उघडतं, मिटतं. बिजागरी तांब्याच्या तारेची.

एक गंमत झाली. झाकणाच्या बाहेरच्या बाजूला मी एक कोयंडा बसवला, आपल्या कोळशाच्या खोलीला असतो तसा, आणि त्यात घालायला एक खिट्टी, दोरीनं बांधलेली. बसवून झाल्यावर नकाशे पाहिले. तिन्ही नकाशांत नाही. पुस्तकातल्या एकाही फोटोत नाही. मग मी तो कुठून आणला?

काढून टाकला. तासाभरानं पाहिलं तर झाकण खोटं दिसत होतं. कुणी ओळखीचा माणूस चष्मा काढून समोर आला की दिसतो तसं. पुन्हा बसवला. गाडी-गाडीत फरक असतोच. दुरुस्तीच्या तळावर कोण काय जोडेल सांगता येत नाही.

१६ नोव्हेंबर

श्रीमती त्सुचिया आल्या, घरच्या बागेतल्या चहाची पुडी घेऊन. तासभर बसल्या. रणगाडा मी समोर ठेवला. त्यांनी एक नजर टाकली आणि विचारलं, "वडील कशानं गेले?"

"मेंदूत रक्तस्राव झाला. अडुसष्टच्या शरद ऋतूत. सत्तेचाळीस वर्षांचे होते."

"अडुसष्टच्या," त्या म्हणाल्या. "म्हणजे जानेवारीच्या आधी."

कुठल्या जानेवारीच्या, ते मी विचारलं नाही. मग त्यांना झोप लागायची का, दारू घ्यायचे का, हसायचे का. मी सांगितलं, शांत माणूस होते. हसायचे कमी, पण माझ्याशी खेळायचे. सैन्यात होते, मांचुरियात, मोटारदुरुस्तीच्या तुकडीत. त्याबद्दल कधी बोलले नाहीत. बोलण्यासारखं काय असणार? पाने आणि बोल्ट.

"मांचुरियात," त्या म्हणाल्या. चहा संपवला, पेला जागच्या जागी ठेवला.

त्या गेल्यावर फुसाए म्हणाली, "अहो, या बाई रणगाड्याचं एक अक्षर विचारत नाहीत. तुमच्याच घराण्याची चौकशी. नात द्यायचीय की काय तुम्हाला?"

"मला देऊन काय करतील?"

"तेच म्हणतेय मी."

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना बोलायला कुणीतरी हवं असतं, दुसरं काय.

३० नोव्हेंबर

चालकाचं आसन बसवलं. लांब चिमट्यानं आत शिरून मापं घेतली. आसनावर बसून वरच्या झाकणाला हात पोचत नाही. सरपटत मागे येऊन बुरुजाखाली उभं राहिलं तरच पोचतो. चालकाला स्वतःचं वेगळं झाकण पुढे आहे, त्यामुळे तशी अडचण नाही.

दुपारी चारच्या सुमाराला कामाच्या खोलीत ठकठक येते. तीन ठोके, जरा थांबून एक. हवा कोरडी झाली की लाकडी फळ्या तडकतात. पण आज ती फळीतून येत नव्हती, टेबलावरून येत होती. मी फुसाएला बोलावलं.

"ऐकतेयस?"

ती दारात उभी होती. चेहरा कसातरीच झालेला.

"अहो, तुम्हीच वाजवताय."

"मी?"

"चिमट्यानं. त्या झाकणावर. आठ दिवस झाले, रोज वाजवता. मला वाटलं काहीतरी तपासताय. परवा तीनदा हाक मारली तर ओ दिली नाहीत."

माझ्या हातात चिमटा होता. डावा हात बुरुजावर होता, बाळाच्या टाळूवर ठेवावा तसा.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला हवं. एकाग्रतेनं ताण येतो.

१४ डिसेंबर

नाकाजो नावाच्या गृहस्थांना भेटायला फुजिनोमियाला गेलो. तिथल्या रणगाडाशाळेत ते शिगेओच्या वर्गात होते, आणि पुढे त्याच पलटणीत. आता एकोणऐंशी वर्षांचे. डावा कान गेलेला, उजव्या कानात ओरडावं लागतं. अर्धवट झालेली गाडी मी फडक्यात गुंडाळून नेली होती. आत अस्तराचा रंग कसा होता एवढंच विचारायचं होतं.

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि गाडी डोळ्यांजवळ नेली.

"हा कोयंडा तुम्हाला कुणी सांगितला?"

"कुणी नाही. अंदाजानं केला."

"अंदाजानं!" ते हसले, हसू लवकर मिटलं. "आमच्या तळावरच्या एका सुताराचा हात चालायचा लोखंडावर. बारा गाड्यांपैकी एकाच गाडीला त्यानं हा लावला. आतला शिधा चोरीला जायचा म्हणून. स्वतःच्याच गाडीला. मशिनगन चालवायचा तिच्यात."

मग त्यांनी शिगेओचं सांगितलं. इंधन संपलं होतं, म्हणून गाड्या बुरुजापर्यंत मातीत पुरल्या आणि जागच्या जागी तोफा म्हणून वापरल्या. पुढचं झाकण मातीखाली गेलं. आत-बाहेर करायला वरचं एकच उरलं. हल्ला झाला तेव्हा प्रमुख झाकणातून अर्धा बाहेर असताना गोळी लागून गेला. मशिनगनवाला त्याला ओढून बाहेर आला आणि झाडीत पळाला. शिगेओ आतच राहिला. दोन दिवसांनी नाकाजो त्या बाजूनं गेले.

"झाकण बंद होतं आणि खिट्टी घातलेली. बाहेरून."

"का?"

"गाडी सोडताना बंद करायची, शत्रूला तोफ मिळू नये म्हणून. असा हुकूमच होता. त्यानं हुकूम पाळला. आत कुणी जिवंत नाही असं समजून पाळला असेल." ते थांबले. "असेल. मी उघडून बघितलं नाही. माझ्यातही हिंमत नव्हती."

मी फडकं गुंडाळत असताना त्यांनी विचारलं, "मोचिझुकी, तुमचं गाव कुठलं?"

मी गाव सांगितलं.

"योशिमात्सुचे कोण तुम्ही?"

"आमच्या भागात दगड मारला तर मोचिझुकीलाच लागतो," मी त्यांच्या चांगल्या कानात ओरडलो. "आणि योशिमात्सुही पुष्कळ."

ते मान हलवत राहिले. ऐकू आलं की नाही, कळलं नाही.

१५ डिसेंबर

माझे वडील मांचुरियात होते. मोटारदुरुस्ती. आईच्या तोंडून मी शंभरदा ऐकलंय. नाव सारखं असणं हा पुरावा नव्हे. सुतारही पुष्कळ असतात.

श्रीमती त्सुचियांना यातलं काही सांगायचं नाही असं ठरवलं. 'तत्काळ' हा शब्द त्यांनी अठ्ठावन्न वर्षं जपलाय. मी कोण तो काढून घेणारा? मशिनगनवाल्याचा मात्र राग येतो. एकदा झाकण उचलून डोकावायला किती वेळ लागतो?

२१ डिसेंबर

कोयंडा काढून टाकला. कानसून जागा सपाट केली, वर रंगाचा हात दिला. आता कुणाला शंका येणार नाही. खिट्टी, दोरी सगळं केराच्या डब्यात.

२२ डिसेंबर

कोयंडा जागेवर आहे.

फुसाएनं काल संध्याकाळी केराचा डबा रिकामा केला होता, म्हणजे तोच परत आला नाही. नवा आहे. पहिल्यापेक्षा चांगला साधलाय. खिट्टीला चीर पडलीय तीही दिसते. इतकं बारीक काम मला वर्षभरात जमलेलं नाही.

"काल जेवणानंतर तीन तास तुम्ही तिथंच होता," फुसाए म्हणाली. "मी शेजारी बसून वाटाणे सोलले. तुम्ही बोलत होता."

"काय बोलत होतो?"

"बोलणं असं नाही. 'हो, हो' म्हणत होता. कुणाला तरी ओ द्यावी तसं."

मी हात धुतले. नंतर पुन्हा धुतले. हे दोन हात वडिलांनी घडवले. सहा वर्षांचा होतो तेव्हा रंधा कसा धरायचा ते त्यांनी माझ्या मुठीवर मूठ ठेवून शिकवलं. बोटं त्यांच्यासारखीच आहेत, आखूड, अंगठा मागे वळणारा. आज पहिल्यांदा ती मला दुसऱ्या कुणाची तरी वाटली.

फुसाए म्हणते काम परत करा. मी म्हटलं, उरलंय काय, चिखलाचा एक हात फक्त.

२८ डिसेंबर

चाकांवरच्या पट्ट्यांवर लाल माती चढवली. बुरुजाखाली कडेनं मातीचा डाग नको होता, पण तिथपर्यंत ब्रश आपसूक गेला. असू दे. कोयंड्याला हात लावला नाही. झाकण अजून उघडतं-मिटतं. मिटलेलं चिकटवावं की उघडं, ते त्यांना विचारीन.

११ जानेवारी २००४, रविवार

आज श्रीमती त्सुचिया गाडी न्यायला आल्या. झालं तसं लिहितो.

सकाळचं ऊन टेबलावर होतं. त्यांनी गाडी हातात घेतली, सावकाश फिरवली. झाकण नखानं उघडून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बाहेरच्या बाजूला बोट ठेवलं.

"हे काय?"

"कुलूप लावायला," मी म्हटलं. "गाडी तळावर उभी असताना."

"मोचिझुकी-सान, तुमचे वडील खोटं बोलताना असेच दिसायचे का? मला माहीत नाही. मी त्यांना लांबूनच पाहिलंय."

फुसाए चहाचा ट्रे घेऊन येत होती, ती दाराशीच थांबली.

मग त्या सांगत गेल्या. सत्तेचाळीस सालच्या जानेवारीत एक माणूस त्यांच्या दारात आला. आईच्या हातात स्वतःच्या नाव-गावाचा कागद दिला. म्हणाला, मी शिगेओबरोबर होतो. आईनं विचारलं, तो कसा गेला? माणूस काही बोलेना. आईनं पुन्हा विचारलं. तो नुसता उभा. तेव्हा आईनं दार लावून घेतलं. पुढच्या जानेवारीत तो पुन्हा आला, पण दारापर्यंत नाही. समोरच्या चहाच्या बांधावर टोपी काढून उभा राहिला, दुपारपर्यंत. मग दर वर्षी. आई म्हणायची, बघू नका तिकडे, सांगायचं असेल तर सांगेल. बावीस वर्षं. एकोणसत्तरच्या जानेवारीत मात्र कुणी आलं नाही.

"आई दिवसभर खिडकीत बसून होती. पुढच्या वर्षीही बसली. दोन वर्षांमागे ती गेली, तेव्हा तिच्या पेटीत तो नाव-गावाचा कागद मिळाला. मला गाडी नको होती, मोचिझुकी-सान. तो का आला नाही, ते हवं होतं. ते तुम्ही दुसऱ्याच भेटीत सांगितलंत. आता दुसरं सांगा. ते काय म्हणायचे?"

जानेवारीत वडील एक दिवस लाकूड बघायला म्हणून शिमादाला जायचे. रिकाम्या हातानं परत यायचे. आई म्हणायची, यंदाही लाकूड पसंत पडलं नाही वाटतं.

"काही म्हणायचे नाहीत," मी म्हटलं. हे खरं होतं. "युद्धाबद्दल एक शब्द नाही. फक्त खेळायचे माझ्याशी."

"काय खेळायचे?"

मी सांगायला लागलो. कामाच्या पडवीत त्यांनी एक मोठं खोकं केलं होतं, माझी मोटार. मला आत बसवायचे, पुढे उजवीकडे. मागं हात लावू नकोस, भाजेल, असं सांगायचे. मग वरून झाकण लावायचे. त्याला बाहेरून कोयंडा होता आणि दोरीला बांधलेली खिट्टी, चीर पडलेली. खिट्टी घालायचे आणि म्हणायचे, आता हाक मार. मी आतून झाकणावर ठोकायचो आणि ओरडायचो. आणि ते लगेच

इथं मी थांबलो. पन्नास वर्षं हा खेळ माझ्यापाशी होता. मी तो कितीदा तरी लोकांना कौतुकानं सांगितलाय, बाबा कसे खेळवायचे म्हणून. आज सांगता सांगता मला तो बाहेरून दिसला.

"लगेच काय?" त्यांनी विचारलं.

"लगेच उघडायचे. पहिल्याच हाकेला. आणि म्हणायचे, उघडलं ना? बघ, उघडलं ना? मग पुन्हा. मी कंटाळलो तरी पुन्हा. अंधारून येईपर्यंत."

फुसाएनं ट्रे जमिनीवर ठेवला आणि तिथंच बसली.

मला माफी मागायची होती. कपाळ चटईला टेकून मागावी असं मनात होतं. पण कुणाच्या वतीनं मागायची, आणि कशाची? हुकुमाची? पळाल्याची? की हाक ऐकल्याची? ओठ हलले, आवाज फुटला नाही. वडील त्यांच्या दारात उभे राहिले तेव्हा असंच झालं असणार.

श्रीमती त्सुचियांचे डोळे कोरडे होते. त्यांनी 'तत्काळ'चा तो कागद पिशवीतून काढला, पाहिला, पुन्हा ठेवला.

"खोक्यात तुम्हाला भीती वाटायची का?"

"नाही," मी म्हटलं. "बाबा उघडणार हे माहीत असायचं."

त्या गाडीकडे बघत राहिल्या.

"त्यालाही माहीत असणार," त्या म्हणाल्या.

नंतर म्हणाल्या, "झाकण चिकटवून द्या. उघडं. आत्ता, माझ्यासमोर."

मी बिजागरीला सोल्यूशनचा थेंब लावला. झाकण वजनानं खाली यायला बघत होतं. त्यांनी तर्जनी पुढे केली आणि ते वर धरलं. फुसाएनं थंड झालेला चहा बदलून आणला. ऊन टेबलावरून चटईवर उतरलं. त्यांचं बोट थरथरायला लागलं होतं, तरी त्यांनी हात बदलला नाही.

सोल्यूशन पाच मिनिटांत वाळतं. ते मी त्यांना सांगितलं नाही.